एसटीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न : इतिहास, गाड्या, भाडे आणि सवलती

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ हे नाव कागदावर. बोलताना सगळे ‘एसटी’ म्हणतात, आणि या पानावरही तेच म्हटले आहे. हे महामंडळाचे अधिकृत पान नाही. प्रवाशांना, विद्यार्थ्यांना आणि एसटीचा इतिहास खणणाऱ्या हौशी मंडळींना वरचेवर पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. भाडे आणि सवलतींचे नियम बदलत राहतात, म्हणून प्रवासाआधी आगारात किंवा महामंडळाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

पहिली एसटी कधी आणि कुठून सुटली?

१ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. गाडी बेडफर्डची होती. सांगाडा लाकडी, आसने काथ्याची आणि बसायला तीस जागा. रंग निळा आणि वरचा भाग रुपेरी. आज एसटी म्हटले की लालच रंग डोळ्यांपुढे येतो, तो नंतरचा. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. एसटीच्या वर्धापनदिनाच्या भाषणांत ही दोन नावे हमखास येतात आणि ती यायलाच हवीत, कारण मंत्री आणि अध्यक्ष यांच्या नावांच्या पाट्या इमारतींवर असतातच.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते, मुंबई राज्य होते. त्यामुळे संस्थेचे नाव बॉम्बे स्टेट रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन असे होते. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड अशा नाना जातींच्या गाड्या होत्या. एका आगारात इतक्या बनावटींचे सुटे भाग सांभाळणाऱ्या त्या काळच्या भांडारपालाची कीव करावी तेवढी थोडी.

त्याआधी लोक प्रवास कसा करत होते?

खासगी मोटारींनी. १९२० च्या दशकापासून ठिकठिकाणी मोटारमालक प्रवासी वाहतूक करत. गाडी भरली की सुटायची, भाडे ठरेल ते, आणि वाट एखाद्याला परवडेनाशी झाली की ती बंद. एकाच फायद्याच्या वाटेवर चारजण भांडत आणि शेजारच्या वाटेवर कुणीच फिरकत नसे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने आणि भाडे यांना पहिल्यांदा चौकट आली. ठरलेल्या वाटांवरच्या मालकांना एकत्र येऊन संघ करायला सांगण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने मार्गांचे राष्ट्रीयीकरण सुरू केले. म्हणजे एखादा मार्ग एकदा एसटीकडे आला की त्यावर टप्प्याटप्प्याने प्रवासी चढ-उतार करण्याचा हक्क तिचाच. त्या बदल्यात तिने न परवडणाऱ्या वाटांवरही गाडी न्यायची. हा सौदा ध्यानात ठेवा, खाली तोट्याच्या प्रश्नात तो पुन्हा लागणार आहे. १९५० साली केंद्राने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला आणि अशा संस्थांना कायद्याचा भक्कम पाया मिळाला.

मराठवाडा आणि विदर्भात एसटी केव्हा आली?

सरकारी बस तिथे आधीपासूनच होती, फक्त ती मुंबईची नव्हती. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये रस्ते वाहतुकीचे खाते काढले. २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर ते सुरू झाले. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. नागपूरच्या बाजूला मध्य प्रांताची प्रांतिक परिवहन सेवा चालत असे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, हे दोन्ही भाग मुंबई राज्यात आले आणि त्यांच्या बससेवाही मुंबईच्या महामंडळात मिसळल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा उलट प्रकार घडला. गुजरातचा वाटा तिकडच्या नव्या महामंडळाकडे गेला आणि इकडच्या संस्थेच्या नावात ‘महाराष्ट्र’ आले.

थोडक्यात, आजची एसटी तीन घरांतून आली आहे. पुणे-नगरच्या पहिल्या फेरीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मराठवाड्यातल्या सरकारी बसचा इतिहास मात्र तिच्याहून सोळा वर्षे जुना आहे, आणि तो तिकडच्याही फार थोड्यांना माहीत असतो.

एसटीचा पसारा आज केवढा आहे?

सुमारे ३१ विभाग आणि अडीचशे आगारे. गाड्या साधारण पंधरा हजार, रोजचे प्रवासी पन्नास लाखांच्या वर. करोनाच्या आधी गाड्या अठरा हजारांच्या घरात होत्या. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या आणि नव्या त्या गतीने आल्या नाहीत, हे थांब्यावर उभ्या असलेल्या कुणालाही आकड्यांशिवाय कळते. मुख्यालय मुंबई सेंट्रलच्या महाराष्ट्र वाहतूक भवनात आहे.

विभागाचा प्रमुख तो विभाग नियंत्रक, आगाराचा तो आगार व्यवस्थापक. गावाला गाडी हवी, वेळ बदलून हवी किंवा बंद पडलेली फेरी पुन्हा सुरू करून हवी, तर अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावे करावा आणि प्रत विभाग नियंत्रकांना द्यावी. ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळेचे पत्र जोडले की अर्जाला वजन येते. किती मुले रोज कोणत्या वेळी प्रवास करतात याची यादी जोडली तर आणखी चांगले. ‘आमच्या गावावर अन्याय होतो’ एवढ्या एका वाक्यावर नियोजन करणारा माणूस काही करू शकत नाही.

या गाड्या बनवतं कोण?

वर्षानुवर्षे महामंडळ टाटा आणि अशोक लेलँडकडून नुसती चासी विकत घेत आले आणि वरचा सांगाडा स्वतःच्या कार्यशाळांत बांधत आले. अशा मध्यवर्ती कार्यशाळा तीन : पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. नंबरपाटी पाहून गाडीचे माहेर ओळखता येते. एमएच १४ असेल तर बहुतेक दापोडीची, एमएच २० असेल तर चिकलठाण्याची, एमएच ४० असेल तर हिंगण्याची. एसटीचे हौशी अभ्यासक स्थानकात शिरताच आधी पाटी वाचतात ती याचसाठी. गाडी कोल्हापूर आगाराची असली तरी जन्म हिंगण्याचा असू शकतो.

सांगाडा आधी लाकडी होता. मग बरीच दशके ॲल्युमिनियमचा राहिला. साधारण २०१८ पासून पोलादी सांगाड्याच्या गाड्या येऊ लागल्या. कारण सरळ आहे : अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा कागदासारखा फाटतो, पोलादी चौकट जास्त तग धरते. अलीकडे पूर्ण तयार गाड्याही विकत घेतल्या जातात आणि काही गाड्या चालकासह भाड्याने घेतल्या जातात. दापोडीच्या जुन्या कारागिरांना हे रुचत नाही, पण कमी वेळात ताफा वाढवायचा तर तीनच कार्यशाळांच्या जोरावर ते जमणारे नाही.

साधी, निमआराम, शिवशाही, शिवनेरी : फरक काय?

साधी ती लाल. तिलाच कुणी लाल परी म्हणते, कुणी लाल डबा. कोण काय म्हणते ते बहुधा त्या दिवशी बसायला जागा मिळाली की नाही यावर ठरते. साध्या गाडीतही जलद, विनाथांबा असे प्रकार असतात. रात्रभर चालते ती रातराणी.

थोडी ऐसपैस गाडी देण्याची एसटीची हौस जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पुणे-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ अशा दोन खास गाड्या होत्या. दोन-दोनची आसने, पडदे, हिरवट काचा आणि आत चक्क घड्याळ. त्यानंतर लोकांच्या मनात ठसली ती ‘एशियाड’. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या वेळी वापरलेल्या गाड्या महामंडळाने घेतल्या आणि दादर-पुणे मार्गावर घातल्या. स्पर्धा विसरल्या गेल्या तरी नाव राहिले. दादरला आजही जुने लोक कुठल्याही निमआराम गाडीला एशियाडच म्हणतात. पुढे निमआराम सेवेला ‘हिरकणी’ हे नाव मिळाले, रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या हिरकणीवरून. स्थानकांतल्या स्तनदा मातांच्या खोलीला म्हणतात तो ‘हिरकणी कक्ष’. तो वेगळा, गाडीशी त्याचा संबंध नाही.

‘शिवनेरी’ ही वातानुकूलित व्हॉल्वो सेवा २००२ मध्ये दादर-पुणे मार्गावर आली. खासगी गाड्यांनी पळवलेला वरच्या दराचा प्रवासी परत आणणारी एसटीची पहिली खरी यशस्वी चाल हीच. ‘शिवशाही’ २०१७ मध्ये आली. वातानुकूलित, पण शिवनेरीपेक्षा स्वस्त. या गाड्यांचा मोठा भाग खासगी कंत्राटदारांच्या गाड्या आणि त्यांचेच चालक असा होता आणि सुरुवातीच्या काळात त्यांच्या अपघातांची बरीच चर्चा झाली. कल्पना चांगली होती. घाट, पाऊस आणि मुक्काम यांची सवय असलेला चालक आयता भाड्याने मिळत नाही, हे तिथे दिसले. ‘विठाई’ २०१८ ची, पंढरपूरच्या वाटेसाठी, अंगावर विठ्ठलाचे चित्र असलेली.

विजेवर चालणारी ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-नगर याच मार्गावर सुरू झाली आणि २०२३ मध्ये ‘ई-शिवनेरी’ मुंबई-पुणे मार्गावर आली. विजेच्या गाडीचा आवाज कमी आणि इंधनखर्चही कमी. पण चार्जिंगची सोय सगळ्या आगारांत झाल्याशिवाय ती लांबच्या आडमार्गावर जाऊ शकत नाही. तोवर डिझेलची लाल गाडी कुठे जात नाही.

भाडे कसे ठरते? शेजारच्या दोन गावांना एकच तिकीट का लागते?

भाडे किलोमीटरवर ठरत नाही, टप्प्यावर ठरते. एक टप्पा सहा किलोमीटरचा. तुम्ही टप्प्याच्या मध्ये कुठेही उतरलात तरी पूर्ण टप्प्याचे पैसे लागतात. म्हणून चार किलोमीटरवरचे गाव आणि सहावर असलेले गाव, दोन्हींचे तिकीट सारखेच येते. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली. त्याआधीची मोठी वाढ ऑक्टोबर २०२१ ची होती. मधल्या तीन वर्षांत डिझेल, सुटे भाग, पगार सगळे वाढत होते. भाडे दर वर्षी थोडे वाढले तर कुणी फारसे बोलत नाही. निवडणुका टाळत टाळत तीन-चार वर्षांनी एकदम वाढले की बोंब होते. हा प्रघात बदलायला हवा असे प्रत्येक अध्यक्ष म्हणतो.

तिकिटात मूळ भाड्याशिवाय दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक, सरकारचा प्रवासी कर. साध्या सेवेसाठी तो १७.५ टक्के आहे, देशातल्या चढ्या दरांपैकी एक. दुसरी, अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया. २०१६ पासून हा रुपया घेतला जातो आणि त्यातून अपघातात मृत्यू पावलेल्या प्रवाशाच्या वारसांना दहा लाखांपर्यंत मदत देण्याची तरतूद आहे. म्हणून तिकीट उतरेपर्यंतच नव्हे, घरी पोचेपर्यंत खिशात राहू द्यावे. प्रवासी असल्याचा तोच सगळ्यात सोपा पुरावा.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे.

महिलांना अर्धे तिकीट सगळीकडे चालते का?

महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून सुरू आहे. एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत, शिवनेरीतसुद्धा, महिलांना ५० टक्के सवलत मिळते. ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. कोल्हापूरहून पणजीला जाणाऱ्या बाईंना राज्याच्या सीमेपर्यंतच्या भाड्यावर सवलत मिळेल, पुढचे पूर्ण लागेल. वाहकाशी सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. आरक्षणाचे शुल्क वेगळे भरावे लागते, ते अर्धे होत नाही.

ज्येष्ठांसाठी काय नियम आहेत?

६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना अर्धे भाडे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेखाली पूर्ण मोफत. आधार किंवा वयाचा दुसरा ग्राह्य पुरावा जवळ ठेवावा. मोफत असले तरी वाहकाकडून शून्य रकमेचे तिकीट घ्यायचे असते. आजोबा ‘मला तिकीट लागत नाही’ म्हणून सोडून देतात, तसे करू नये. त्या शून्याच्या तिकिटावरच महामंडळ सरकारकडे पैशांची मागणी करते. शिवाय अपघातात तोच पुरावा, हे वर आलेच आहे.

विद्यार्थ्यांचा पास कसा मिळतो?

शाळा-कॉलेजात रोज ये-जा करणाऱ्यांना मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास. जून २०२४ पासून पास शाळेतच देण्याची मोहीम सुरू झाली, त्यामुळे जूनमध्ये आगाराच्या खिडकीवर लागणाऱ्या त्या प्रसिद्ध रांगा काही ठिकाणी आटल्या. मुख्याध्यापकांनी यादी वेळेवर आगाराकडे दिली तरच हे होते.

मागास तालुक्यांत निळ्या रंगाच्या गाड्या दिसतात. त्या मानव विकास कार्यक्रमाच्या. १२५ तालुक्यांत मुलींच्या शाळेच्या वेळेला धरून त्या चालवल्या जातात. सातवीनंतर गावात वर्ग नाही आणि पुढची शाळा आठ-दहा किलोमीटरवर, अशा ठिकाणी मुलीचे शिक्षण चालू राहणार की नाही हे पुष्कळदा एका फेरीच्या वेळेवर ठरते. शाळा पाचला सुटते आणि गाडी सातला असेल, तर घरचे मुलीला पाठवत नाहीत. एसटीच्या सगळ्या सेवांत महत्त्वाची एकच निवडायला सांगितली तर मी या निळ्या गाड्या निवडीन.

नोकरदारांसाठी पास आहे का? आणि नुसते फिरायचे असेल तर?

मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो, त्रैमासिक पासात पन्नास दिवसांचे भरून नव्वद दिवस. फिरायला ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास आहे, चार किंवा सात दिवसांचा. सात दिवसांत अष्टविनायक, कोकणची किनारपट्टी किंवा विदर्भातली मोठी ठिकाणे, जे पायाला झेपेल ते. आंतरराज्य पास वेगळा घ्यावा लागतो. या पासाची जाहिरात इतकी कमी होते की आगाराच्या खिडकीवरच्या माणसालाही कधी कधी आठवून सांगावे लागते. गौरी-गणपती आणि दिवाळीची गर्दी टाळली तर या पासाइतकी स्वस्त भटकंती राज्यात दुसरी नाही.

मुक्कामी गाडी म्हणजे काय?

संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावी पोचते, रात्रभर तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते ती मुक्कामी गाडी. कोकणात तिला वस्तीची गाडी म्हणतात. बाजार करून परतणारे, कोर्टाची तारीख करून आलेले, कॉलेजची मुले सगळे तिच्याने घरी येतात, आणि पहाटे दवाखान्याला निघालेला माणूस तिनेच जातो. चालक-वाहक रात्र गाडीत काढतात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत, देवळाच्या ओवरीत. गावाने नीट जागा, पाणी आणि स्वच्छतागृह दिले तर मुक्कामी गाडी टिकते, नाही दिले तर त्या नियतावर, म्हणजे त्या फेरीच्या कामावर, जायला कुणी राजी नसते आणि ती हळूच मधल्या गावापर्यंत आखडते. आपल्या गावची मुक्कामी गाडी बंद का झाली असे विचारणाऱ्यांनी आधी चालक-वाहक झोपत कुठे होते ते पाहावे.

याच गाड्यांनी टपालाच्या थैल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि औषधे गावोगाव नेली. शहरात शिकणाऱ्या पोरासाठी आईने दिलेला जेवणाचा डबाही एसटीनेच जायचा. आज घरपोच वस्तू पोचवणाऱ्या कंपन्यांना जे जाळे उभारायला कोट्यवधी लागतात, ते एसटीकडे आयते होते. तिने मालवाहतूक मनावर घेतली मात्र २०२० मध्ये, टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्यावर. जुन्या प्रवासी गाड्यांची आसने काढून त्या मालवाहू केल्या आणि पुढे या सेवेला ‘महाकार्गो’ नाव दिले.

एसटी तोट्यात का असते? खासगी गाड्या तर नफ्यात चालतात.

आता वरचा सौदा आठवा. फायद्याच्या मार्गावरची कमाई तोट्याच्या मार्गावर घालायची, हे एसटीचे मूळ गणित. पुणे-मुंबई, पुणे-नाशिक, नाशिक-संभाजीनगर यांनी कमवायचे आणि त्यावर डोंगराआडच्या वाडीची फेरी चालवायची. त्या फेरीला सकाळी चाळीस आणि दुपारी चार माणसे असतात.

खासगी आरामगाडीला मिळतो तो कंत्राटी परवाना. कायद्याने तिने ठरलेल्या लोकांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे, वाटेत चढ-उतार करायची नाही. प्रत्यक्षात काय चालते ते कुठल्याही महामार्गाच्या चौकात रात्री नऊला उभे राहून पाहावे. वरच्या दराचा प्रवासी त्यांनी नेला. जवळच्या टप्प्यावरचा प्रवासी सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडापने, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खासगी जीपने, आणि मराठवाडा-विदर्भात तशाच काळी-पिवळीने नेला. दोन्ही टोके गेली. एसटीकडे उरल्या तोट्याच्या फेऱ्या आणि सवलतीचा प्रवासी. त्यात प्रवासी कर आणि पथकर. सवलतींची रक्कम सरकार भरून देते खरे, पण ती उशिरा आली की डिझेल आणि पगार यांची ओढाताण होते.

म्हणून ‘एसटी तोट्यात’ या बातमीकडे बघताना दोन तोटे वेगळे करावेत. वाडीची फेरी चालवून होणारा तोटा हा सरकारने ठरवून केलेला खर्च आहे, शाळेवर होतो तसाच. त्याला तोटा म्हणणेच चूक. दुसरा तोटा गैरव्यवस्थेचा : सुटा भाग नाही म्हणून आगारात उभी गाडी, मोक्याच्या जागेवर पडकी स्थानके, वर्षानुवर्षे रखडलेली खरेदी. हा माफ करण्यासारखा नाही. अडचण अशी की ताळेबंदात दोन्ही एकाच आकड्यात दिसतात, आणि कुणी पहिल्याआड दुसरा लपवतो तर कुणी दुसरा दाखवून पहिला बंद करायला निघतो.

एसटीचे कर्मचारी सरकारी नोकर आहेत का?

नाहीत, ते महामंडळाचे कर्मचारी आहेत. शासनात विलीनीकरण करा, ही मागणी घेऊन २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास जो संप सुरू झाला, तो पाचेक महिने चालला. एसटीच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा. उच्च न्यायालयाने सांगितल्यावर नेमलेल्या समितीने विलीनीकरण मान्य केले नाही. शेवटी २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्याचे आदेश न्यायालयाने दिले आणि गाड्या हळूहळू रस्त्यावर आल्या. वेतनवाढ मिळाली, विलीनीकरण झाले नाही. त्या काळात वडाप आणि खासगी गाड्यांकडे वळलेले काही प्रवासी परत आलेच नाहीत. पुढच्या वर्षी महिलांच्या सवलतीने गाड्या पुन्हा भरल्या.

महिला वाहक एसटीत बऱ्याच वर्षांपासून आहेत. महिला चालक मात्र २०२३ मध्ये प्रत्यक्ष मार्गावर आल्या.

शेजारच्या राज्यांत एसटी जाते का?

जाते. सुरत, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, विजयपूर, पणजी अशा अनेक ठिकाणी. राज्याराज्यांत करार असतात, तुमच्या जितक्या फेऱ्या तितक्या आमच्या, या बोलीवर. गोव्याची कदंब आणि कर्नाटकाच्या गाड्या आपल्याकडे येतात त्या याच हिशेबाने. सीमाप्रश्न तापला की पहिला दगड बसवर पडतो. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकाकडच्या फेऱ्या काही दिवस थांबल्या होत्या. अशा वेळी कोल्हापूर किंवा मिरजेच्या स्थानकात चौकशी करूनच निघावे.

गणपती आणि आषाढीच्या जादा गाड्या कुठून येतात?

दुसऱ्या विभागांतून. गणपतीच्या आधी देशावरच्या आगारांतल्या गाड्या चालकांसह मुंबई-ठाण्याकडे येतात आणि चाकरमान्यांना घेऊन कोकणात उतरतात. आषाढीला सगळ्या राज्यातून पंढरपूरकडे. त्या दिवसांत तुमच्या तालुक्याची नेहमीची फेरी रद्द झाली तर ती गाडी कुठे गेली याचे उत्तर हेच. एका गावातले किंवा वाडीतले चाळीसेक लोक मिळून गट आरक्षण करू शकतात, मग गाडी थेट तिथे येते. मुंबईतल्या कोकणी मंडळांना हे तंत्र पक्के माहीत आहे.

गाडी हॉटेलवर थांबते तिथले दर फार असतात. काही करता येते का?

महामंडळाने मान्यता दिलेल्या हॉटेलांवर एसटीच्या प्रवाशाला ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा फलक सापडेल अशा जागी नसतो. तिकीट दाखवून मागा, नकार मिळाला तर हॉटेलचे नाव आणि वेळ लिहून आगाराकडे तक्रार द्या.

गाडीत सामान राहिले किंवा तक्रार करायची असेल तर?

तिकिटावर तारीख, वेळ आणि फेरीचा तपशील छापलेला असतो. त्यावरून गाडी कोणत्या आगाराची ते लगेच कळते. सामान राहिल्याचे लक्षात येताच जवळच्या स्थानकात वाहतूक नियंत्रकाला गाठावे. तो पुढच्या स्थानकाला फोन करून गाडी पोचायच्या आत निरोप देऊ शकतो. गाडीतली सापडलेली वस्तू वाहकाने आगारात जमा करायची असते, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी ज्या आगाराची त्या आगारात चौकशी करावी, जिथे तुम्ही उतरलात त्या स्थानकात नव्हे. तिकीट टाकून दिले असेल तर निदान गाडीचा नंबर किंवा सुटण्याची वेळ आठवून सांगा.